चित्रातल्या खारीवर विश्वास ठेवू नये

तंजावुरात रविवारच्या पेपराबरोबर मुलांची पुरवणी येते. आमच्या गल्लीत ती सगळ्यांत आधी वाचणारे मूल सत्तरीला टेकलेले आहे. कमरेला वेष्टी, डोक्यावर काळी छत्री, मांडीवर ताडाच्या पानाचा पंखा आणि नाकावर चष्मा अशा थाटात ते गच्चीवर बसते, पुरवणी उघडते, आणि थोड्याच वेळात खाली रस्त्यापर्यंत आवाज येतो, "सरोजा! परत आली बघ ती! हात जोडून उभी आहे, निर्लज्ज!"

ती म्हणजे खार. चित्रकथेतली.

माझे भावोजी वेंकटराव यांचा चित्रातल्या खारीवर काडीचा विश्वास नाही. सरोजाक्का, म्हणजे त्यांची बायको, माझी मावसबहीण. राजवाड्याच्या मागे, मराठी राजांबरोबर इथे आलेल्यांच्या गल्लीत, दोन दारे सोडून आमची घरे, त्यामुळे हा अविश्वास मी कित्येक वर्षे घरबसल्या ऐकत आलो आहे. इतर माणसे पुढाऱ्यांवर रागावतात, जावयावर रागावतात, वीज गेली की वीजवाल्यांवर रागावतात. भावोजींनी आपला सगळा राग चौकटीत मावणाऱ्या एका प्राण्यासाठी राखून ठेवला आहे, आणि त्यातला थेंबभरही ते दुसऱ्या कुणावर वाया घालवत नाहीत.

"हत्ती बघ," ते मला समजावतात. "चित्रातला हत्ती मूर्ख असला तर मूर्ख, भला असला तर भला. कावळा चोर, कोल्हा लबाड. ते लपवत नाहीत. पण ही खार? दोन पायांवर उभी! मज सांग, कुठली खार दोन पायांवर उभी राहून गप्पा मारते? मतं मागायला आल्यासारखे हात छातीशी. गाल फुगलेले. तोंडात काय आहे ते दाखवत नाही, आणि हसते! तोंडात माल लपवून जो हसतो त्याच्याशी तू सोयरीक करशील?"

"भावोजी, ती मुलांसाठी काढलेली आहे."

"म्हणूनच तर! लहानपणापासून सवय लावतात!"

दुसरा आरोप थंडीचा. चित्रातली खार थंडीसाठी दाणे साठवते. तंजावुरात मार्गळीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या, पहाटे देवळात जाताना लोक कानाला मफलर गुंडाळतात, तेवढीच आमची थंडी. "तेवढ्यासाठी एवढी कोठारं? ही साठेबाज आहे. हिच्या झाडावर धाड पडायला हवी." तिसरा आरोप उपदेशाचा. पहिल्या चौकटीत कुणाचा तरी आंबा पळवायचा आणि शेवटच्या चौकटीत त्यालाच शहाणपण शिकवायचे, हे फक्त चित्रातल्या खारीलाच जमते, असे त्यांचे म्हणणे. ही सगळी मते ते तमिळमध्ये पोस्टकार्डावर लिहितात, खाली लफ्फेदार सही करतात आणि पेपराला पाठवतात. एकही कार्ड कधी छापून आले नाही. त्यामुळे पुढचे कार्ड आणखी तिखट होते.

आता कुणाला वाटेल, या माणसाचे खऱ्या खारींशीही वैर असणार. तिथेच तर सगळा घोटाळा आहे. सेतू बांधताना खारीने अंगाला चिकटलेली वाळू नेऊन टाकली आणि देवाने तिच्या पाठीवरून बोटे फिरवली, त्या रेघा अजून आहेत, हे आमच्याकडची मुले चालायच्या आधी शिकतात. खारीला दगड मारायचा नाही, हाकलायचे नाही, वाकडे बोलायचे नाही. भावोजींच्या घरात याच्याही वर एक रीत आहे. चित्रैच्या, म्हणजे चैत्र-वैशाखाच्या, उन्हात वडाम घालतात, म्हणजे शिजवलेल्या तांदळाच्या पिठाच्या कुरडया, तेव्हा कापडावरची कठड्याजवळची पहिली ओळ खारींची. ती राखायची नाही, वाळली तरी उचलायची नाही. आणि ती घरच्या कर्त्या पुरुषाने स्वतः सोऱ्या धरून पिळायची. म्हणजे दर उन्हाळ्यात वेंकटराव घाम गाळत खारींसाठी कुरडया पिळतात.

खारी ती ओळ हुंगतही नाहीत. तिच्यावरून उडी मारतात आणि नेमक्या मधल्या ओळीत जाऊन बसतात.

अशा वेळी माणसाने करावे काय? भावोजींनी वाट काढली. ते खारींना मराठीतून शिव्या देतात. "ही इथली खार," त्यांचा हिशेब असा. "हिला मराठी कुठं कळतं? कळलं नाही म्हणजे लागलं नाही. लागलं नाही म्हणजे पाप नाही." बाजार तमिळमध्ये, बँक तमिळमध्ये, डॉक्टर तमिळमध्ये, पण खारीसमोर ते आजोबांच्या तोंडचे असे मराठी काढतात की अंगावर काटा यावा. आमच्या गल्लीतल्या पोरांना जे मराठी येते त्यातले निम्मे या गच्चीवरून खाली आलेले आहे. पोरे ते घरी बोलून दाखवतात आणि मार खातात.

हा राग कुठून आला ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथे होतो. खरे सांगायचे तर ते आठवले की मलाही चढतो.

भावोजी कालव्यांच्या खात्यात होते. मोपेडवर बसून बांधाबांधाने फिरायचे, दरवाजे उचलायचे, पाणी सोडायचे. वरच्या गावाला पाणी दिले की खालचे गाव शिव्या देई, खालच्याला दिले की वरचे. कावेरीला पाणी नसले की दोन्ही गावे एकत्र येऊन शिव्या देत, आणि गावांत एकी घडवणारा मी एकटाच सरकारी माणूस, असे ते अभिमानाने सांगत. निवृत्तीच्या दिवशी कचेरीत समारंभ झाला. नवे साहेब नुकतेच बदलून आलेले. त्यांनी भाषण केले. "आमचे सर म्हणजे सेतूवरची खार! मोठे दगड मोठी माणसं उचलतात. पण खारीनं आपला छोटासा वाटा उचलला नसता तर?" टाळ्या पडल्या. शाल आली, आणि पाठोपाठ काचेच्या चौकटीतले स्मृतिचिन्ह आले. त्यावर खार. दोन पायांवर उभी, गाल फुगलेले, हातात खडा, तोंडभर हसू. खाली पितळेची पट्टी, आणि पट्टी कोरी.

दुकानातून तयार आणले होते. नाव कोरून घ्यायचे कुणाच्या डोक्यातच आले नाही. तेव्हा माझ्या लक्षात आले की साहेबांनी भाषणातही नाव घेतले नव्हते. "आमचे सर", "आपले सर", "हे सर". त्यांना ते ठाऊकच नव्हते. आणि समोर बसलेल्या त्या सगळ्या लोकांपैकी, ज्यांच्याबरोबर या माणसाने रोज डबा खाल्ला होता, कुणी उठून सांगितलेही नाही.

आम्ही टाउन बसने घरी निघालो. ती चौकट भावोजींच्या मांडीवर होती. पुढच्या सीटवरून एक लहान मुलगी खारीकडे बघून हसली. भावोजी हसले नाहीत. थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दरवाजे मी उचललों रे. लोखंडी. या हातांनी. मज खार कोण केलं?"

घरी पोचलो. चौकट कपाटावर गेली, तोंड भिंतीकडे करून. पुढच्या रविवारी पहिले पोस्टकार्ड गेले.

त्यांची मुलगी हरिणी. एका खासगी शाळेत ती चित्रकला शिकवायची. शाळेने चित्रकलेचा तास काढून तिथे संगणक बसवला आणि हरिणी घरी आली. तिशी ओलांडलेली मुलगी, हातात देवाने दिलेली रेघ, आणि काम काय, तर लग्नपत्रिकेवरचे हत्ती आणि मिठाईच्या दुकानाच्या पाट्या. या चित्रैत तिला त्याच रविवारच्या पुरवणीने विचारले. सेतूची गोष्ट, चित्रकथेत, सुट्टीभर दर रविवारी अर्धे पान. मुलांना आवडली तर पान कायमचे तिचे.

नायिका कोण, ते सांगायला नकोच.

तिने हे जेवताना सांगितले, आणि बापाच्या तोंडात सांबारभाताचा मोठा घास असतानाचा क्षण निवडला. मी तिथे डांगर पच्चडीच्या आशेने बसलो होतो.

भावोजींनी घास गिळला. "काय काढणार म्हणालीस?"

"खार, अप्पा."

"या घरात?"

"या घरात नको तर जिन्यात बसून काढते."

"माकड काढ! सेतूवर माकडं कमी होती? अस्वल काढ!"

"त्यांनी खार मागितलीय."

"मागणारच! इतकी वर्षं मी लिहितों, त्याचा सूड हा! माझ्याच घरात खार सोडतात!"

"अय्यो, पेपरवाल्यांना दुसरं काम नाही का?" सरोजाक्का म्हणाली. "पोरीला काम मिळालंय. सुम्मा जेवा, गप."

"मी सुम्माच जेवतों! राग ताटाबाहेर आहे!"

हरिणी बापाचीच मुलगी. तिने हातातला पेला खाली ठेवला. "अप्पा, मज हे पान हवंय. शाळेत होते तेव्हापासून हवंय. तुम्ही रागवा, ओरडा, कार्डं लिहा. पण हे पान गेलं तर मी जन्मभर लग्नाचे हत्ती काढणार. सोंड वर, सोंड वर, सोंड वर. तुम्ही बघत बसा."

भावोजी हात धुवायला उठले. बराच वेळ धूत होते. संध्याकाळी हरिणीच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बघू."

त्या दिवसापासून घरात एक तपासणी अधिकारी नेमला गेला.

"चार पायांवर आण."

"चार पायांवर तोंड नीट दिसत नाही, अप्पा."

"दिसायलाच हवं असं काय आहे त्यात? आण खाली. आता गाल. रिकामे कर. पूर्ण. अजून काहीतरी आहे डावीकडे."

"ती हाडं आहेत."

"मग असू दे. हे काय, हसते? उन्हात वाळू वाहताना कोण हसतं? मी बांधावर कधी हसलों? पूस."

सरोजाक्का स्वयंपाकघरातून म्हणे, "तुम्ही बांधावरच काय, लग्नाच्या फोटोतसुद्धा हसला नाहीत."

"फोटोवाल्यानं हस म्हटलं म्हणून हसलों नाही! कारण नको?"

दाणे गेले, थंडी गेली, उपदेश गेला. शेपूट झुडपासारखी होती ती भावोजींनी कमी करायला लावली, ती इतकी कमी झाली की जुन्या टूथब्रशसारखी दिसू लागली. शेवटी कागदावर जी उरली ती एक हाडकुळी, उन्हाने रापलेली, कपाळाला आठ्या घातलेली खार होती. पहिल्या रविवारी एका वानराने शिळा उचलून नेताना तिच्या शेपटीवर पाय दिला, आणि ती त्या डोंगराएवढ्या वानराच्या अंगठ्याशी उभी राहून अशी ओरडली की त्याच्या हातून शिळा पडली. दुसऱ्या रविवारी तिने सगळ्या वानरांना रांगेत चालायला लावले. तिसऱ्या रविवारी समुद्राला झापले.

पोरांना वेड लागले. आमच्या गल्लीत लहान मुले आठ्या घालून फिरू लागली. आणि भावोजी दर रविवारी गच्चीवर जाऊन, सगळे आधी पाहिलेले असताना, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी पुरवणी उघडायचे आणि नाकातून आवाज काढायचे.

"काय म्हणते तुमची खार?" मी विचारले.

"माझी नव्हे. आणि विश्वास अजून नाही. पण निदान हात जोडत नाही."

मग शेवटचा भाग आला. सेतू पुरा झाला, आता देवाने खारीच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि गोष्ट संपवायची. हरिणी दोन दिवस कोऱ्या कागदासमोर बसली होती. देवाचा हात रेखाटला की त्याखालची खार रागावलेली, खारीचा राग काढून टाकला की ती दुसरीच कुणीतरी. शेवटी बाप शेजारी वारा घेत बसला असताना तिने विचारले, "अप्पा, निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल घातली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"आभार मानले, नंद्री म्हणालों. आणखी काय म्हणणार?"

"आणि म्हणायचं काय होतं?"

भावोजींच्या हातातला पंखा थांबला. मला वाटले, आता ओरडतील. ते कपाटाकडे बघत हळू बोलले, आणि त्यांचा हळू आवाज मी फार क्वचित ऐकला आहे.

"वानरांना नावं आहेत. त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, कुणी कुठला दगड उचलला, सगळं सांगतात. खारीचं नाव कोण सांगतो? हात फिरवला. फिरव की. कोण नको म्हणतं? पण आधी विचारायचं ना, बाई, तुझं नाव काय?"

हरिणीने पेन्सिल उचलली.

चित्र असे झाले. देव वाकतो, हात पुढे करतो. खार एक पाऊल मागे सरकते आणि आठ्या घालून म्हणते, "आधी नाव विचारा." पुढच्या चौकटीत देव खाली वाळूत मांडी घालून बसला आहे, अगदी तिच्या डोळ्यांच्या पातळीवर, आणि विचारतो आहे. तिथे गोष्ट संपते.

भावोजींनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "शेपूट थोडी मोठी झालीय," एवढेच म्हणाले, आणि चष्मा पुसायला आत गेले.

चित्राचा फोटो पेपराला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुरवणीचे संपादक प्रवीणकुमार यांचा फोन आला. चित्र छापता येणार नाही. संध्याकाळपर्यंत शेवट बदलून द्या, नेहमीसारखा. नाहीतर आमच्याकडे दुसरी सोय आहे, आणि पुढच्या पानाचा विचारही मग वेगळा करावा लागेल.

हरिणीने फोन ठेवला आणि रबर शोधू लागली. तिचे डोळे भरले होते, पण जबडा बापाचाच होता. "बदलते," ती म्हणाली. "पान हवं तर बदलायला हवं."

"रबर ठेव," भावोजी म्हणाले.

"अप्पा, तुम्ही मध्ये पडू नका. पान माझं जाईल."

"आणि हे पुसलंस तर पान कुणाचं उरेल?" त्यांनी स्टुलावर चढून कपाटावरची चौकट काढली, धुळीसकट, कापडाच्या दुकानातल्या पिवळ्या पिशवीत कोंबली आणि मला म्हणाले, "ऑटो बोलाव!"

सरोजाक्का दारात येऊन म्हणाली, "तिथं ओरडू नका हं."

"ओरडतों कुठं मी?" ते ओरडले.

पेपराच्या कचेरीत बसलेला प्रवीणकुमार तरुण होता, चेहऱ्याने सज्जन, आणि उकाड्याने व कामाने पिचलेला. हरिणीने ओळख करून दिली, "हे माझे अप्पा. वेंकटराव."

तो खुर्चीतून उठलाच. "वेंकटराव? कार्डं लिहिणारे? अणिल वेंकटराव?"

अणिल म्हणजे आमच्या तमिळमध्ये खार.

भावोजींचा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला. प्रवीणकुमारला त्याचा पत्ताच नाही. तो आनंदाने खण उघडून सगळी पोस्टकार्डे बाहेर काढत होता. "सर, इथं नवा माणूस कामाला आला की आधी तुमची कार्डं वाचायला देतो. थंडीवरचं तर मला पाठ आहे!"

"मला अणिल म्हणता?" भावोजी अजून तमिळमध्ये होते, पण काठावर.

"प्रेमानं, सर. बसा. मॅडमचं चित्र फार छान आहे, पण तुम्हीच सांगा. देव हात पुढे करतो आणि खार मागे सरकते. हे छापलं तर उद्या फोन थांबणार नाहीत. गोष्ट लोकांना ठाऊक आहे. हात फिरवला, रेघा उमटल्या, संपलं. मॅडमना जमत नसेल तर आमच्याकडे तयार खार आहे." आणि त्याने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

दोन पायांवर उभी. झुडपाएवढी शेपूट. गाल फुगलेले. हात जोडलेले. कुठल्या परदेशातल्या झाडाचे फळ बगलेत, आणि तोंडभर हसू.

"ही!" भावोजी उठून उभे राहिले. "हीच ती!"

आणि मग ते सुटले. "हसते बघ! हिला ठाऊक आहे वाळू किती तापते? हिच्या पाठीवर हात फिरवा, शाल घाला, हार घाला, ही हसून फोटो काढून घेईल आणि घरी जाईल! कारण ही कधी तिथं नव्हतीच! आमची मागे सरकली ती देव नको म्हणून नव्हे रे, बाबा! ती म्हणते, मी इथं होते, उन्हात होते, मज बघ, मग हात फिरव. देवाला राग येईल म्हणतोस? अरे, देव तो! तो बसला ना खाली वाळूत? चित्रात बघ, बसला ना? राग साहेबाला येतो! साहेबाला वाकायचं नसतं, म्हणून त्याला खार लहान लागते, गोड लागते, मुकी लागते!" पिवळ्या पिशवीतून चौकट निघाली आणि टेबलावर आदळली. पोस्टकार्डे उडाली. "ही पट्टी वाच! वाच मोठ्यानं! काय लिहिलंय?"

बाहेरची माणसे दारात जमली होती. प्रवीणकुमारने पट्टी पाहिली. मग हरिणीकडे पाहिले.

"मॅडम," तो दबकत म्हणाला, "सर काय म्हणाले?"

तेव्हा आमच्या ध्यानात आले. सगळे मराठीत झाले होते. खार समोर आली की मराठी, ही इतक्या उन्हाळ्यांची सवय, आणि जिभेला चित्रातली आणि गच्चीवरची यांतला फरक कळला नव्हता. जन्मात एकदाच करावे असे भाषण भावोजींनी अशा भाषेत केले होते की दारातल्या एकालाही त्यातले अक्षर लागले नव्हते. ते तोंड उघडे ठेवून उभे राहिले. पुन्हा तमिळमध्ये सगळे म्हणण्याइतका श्वास त्यांच्यात नव्हता.

हरिणी पुढे झाली. तिने चौकटीवरची धूळ ओढणीने पुसली, आणि तमिळमध्ये, बापाकडे न बघता, सांगितले, "अप्पांनी जन्मभर कालव्यावर काम केलं. निरोप दिला तेव्हा त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. चित्रातल्या खारीला तरी विचारा, असं म्हणतात." मग ती म्हणाली, "बाकी शिव्या आहेत."

प्रवीणकुमारने चौकट हातात घेतली. कोऱ्या पितळेवरून अंगठा फिरवला. पडद्यावरची खार हसतच होती, ती त्याने बंद केली.

"देव खाली बसतो ती चौकट मोठी करता येईल?" त्याने हरिणीला विचारले. "पानाच्या रुंदीएवढी. बसलेला देव आधी दिसला की लोक मागे सरकलेल्या खारीवर चिडणार नाहीत. थोडे चिडतील."

"करते. आता इथंच बसून करते."

"आणि ती नाव काय सांगते?"

"ते नाही काढलं."

"बरं." त्याने कपाळ पुसले. "पण फोन आले तर?"

"माझा नंबर दे!" भावोजी म्हणाले. या वेळी तमिळमध्ये.

रविवारी ते छापून आले. फोन आले, थोडे रागाचे, बरेच पोरांचे. पान हरिणीचे झाले, आणि तिची नवी चित्रकथा एका पालीवर आहे. पालीविषयी भावोजींचे मत अजून तयार व्हायचे आहे, पण लक्षणे ठीक दिसत नाहीत. हरिणीने चौकटीच्या पट्टीवर त्यांचे नाव रंगवून देऊ का विचारले. "आता नको," ते म्हणाले. "ज्यांनी कोरायचं त्यांनी कोरलं नाही, ते दिसू दे." फक्त चौकटीचे तोंड त्यांनी खोलीकडे वळवले. पाठमोरी ठेवली की ती काय करते कळत नाही, असे त्यांचे कारण.

पोरांनी खारीसाठी नावे पाठवली. प्रवीणकुमारने ती पुरवणीत छापली, आणि त्या रविवारी गच्चीवरून जो आवाज आला तो मोठ्या देवळापर्यंत गेला असेल. "बब्लू! सेतू बांधणारीचं नाव बब्लू! सरोजा, हे वाच, स्वीटी!"

मी वर गेलो. त्या उन्हाळ्याची शेवटची वडाम घातली होती. कठड्याजवळची पहिली ओळ नुकतीच पिळून भावोजी मनगट चोळत होते. तेवढ्यात नारळाच्या झावळीवरून एक खार कठड्यावर उतरली. खरी, चार पायांवर. पाठीवर त्या रेघा.

भावोजींनी पुरवणी बाजूला ठेवली. छत्री मिटली. आणि मग, आमच्या घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदाच, ते खारीशी तमिळमध्ये बोलले. हळू, अदबीने, थोडेसे वाकून.

"उन् पेर एन्न?" तुझे नाव काय?

खारीने त्यांच्याकडे पाहिले. पहिल्या ओळीकडे पाहिले. मग त्या ओळीवरून उडी मारली, मधल्या ओळीतली सगळ्यांत मोठी कुरडई तोंडात धरली आणि झावळीवर पसार झाली.

"सरोजा!" भावोजी मराठीत परत आले. "नेली! मधलीच नेली! एवढं मानानं विचारलों, आणि चांडाळणीनं नावही सांगितलं नाही!"